गाडीची किल्ली आणि वाढते वय

साठी-सत्तरी ओलांडलेल्या माणसाने गाडी चालवावी की नाही, हा प्रश्न अलीकडे दवाखान्यात वरचेवर येतो. मात्र तो सरळ क्वचितच विचारला जातो. आजोबा रक्तदाब तपासून बाहेर पडले की आजी दारातून मागे वळून हळूच म्हणतात, "डॉक्टर, यांना जरा सांगा ना, आता स्कूटर बास म्हणावं." पुण्याला असलेला मुलगा फोन करतो, "बाबांच्या गाडीला महिन्यात दोनदा ओरखडे पडलेत. तुम्हीच सांगा, माझं ते ऐकणार नाहीत." आणि कधी गृहस्थ स्वतःच लायसन्सच्या नूतनीकरणाचा कागद टेबलावर ठेवतात, "एवढी सही करून द्या. तुम्ही तर मला तीस वर्षं ओळखता."

या तिघांनाही माझे सांगणे एकच असते. आधी तपासू, मग ठरवू.

कारण नुसत्या वयावरून काहीच ठरत नाही. अठ्ठ्याहत्तराव्या वर्षी दिवसाउजेडी गावात व्यवस्थित गाडी चालवणारे गृहस्थ माझ्या पाहण्यात आहेत. आणि मधुमेहाने डोळे व पाय दोन्ही अधू झालेल्या अठ्ठावन्न वर्षांच्या माणसाला मी गाडी बंद करायला सांगितले आहे. 'साठी बुद्धी नाठी' ही म्हण सरसकट लावणे जसे अन्यायाचे, तसेच 'मी चाळीस वर्षे गाडी चालवतोय, मला काय होतंय' हे म्हणणेही धोक्याचे. चाळीस वर्षांचा अनुभव खरा असतो. पण त्या अनुभवाला साथ देणारे डोळे, मान, पाय आणि मेंदू आज कसे आहेत, हे आजच पाहावे लागते.

कायदा काय सांगतो?

आपल्या देशात खाजगी वाहन चालवण्यास वयाची वरची मर्यादा नाही. २०१९ मध्ये मोटार वाहन कायद्यात दुरुस्ती झाली. त्यानुसार पन्नाशी ओलांडलेल्या, पण पंचावन्न पूर्ण न झालेल्या माणसाचे लायसन्स साठ वर्षांपर्यंत चालते. पंचावन्ननंतर ते एका वेळी ५ वर्षांसाठीच मिळते. मुदत संपून एक वर्ष उलटले तर पुन्हा वाहन चालवण्याची परीक्षा द्यावी लागते.

चाळिशीनंतर अर्जासोबत डॉक्टरांचे प्रमाणपत्र जोडावे लागते. त्याला 'नमुना १-अ' म्हणतात. डॉक्टरने अर्जदाराला स्वतः तपासावे, अशी त्यात अपेक्षा आहे. २५ मीटरवरून गाडीची नंबरप्लेट ओळखता येते का, लाल व हिरवा रंग कळतो का, रातांधळेपणा आहे का, हॉर्नसारखे आवाज ऐकू येतात का, हातपाय व सांधे ठीक आहेत का, हे त्यात विचारलेले असते.

याच नमुन्यात आणखी तीन गोष्टींचा उल्लेख आहे. प्रतिसादाला लागणारा वेळ, बाजूची नजर आणि डोळ्यांवर झोत पडल्यावर पुन्हा नीट दिसायला लागणारा वेळ. पण या तीन तपासण्या फक्त धोकादायक माल वाहून नेणाऱ्या चालकांसाठी सांगितल्या आहेत. वयाबरोबर नेमक्या याच तीन गोष्टी कमी होतात! विसरभोळेपणासाठी तर वेगळा रकानाच नाही. तेव्हा हातात लायसन्स आहे, याचा अर्थ आपण सुरक्षित चालक आहोत असा धरू नये. त्यातून प्रमाणपत्र हे त्या दिवसापुरते असते. सत्तरीनंतर पाच वर्षांत तब्येतीत किती फरक पडतो, हे वाचकांना मी सांगायला नको.

आणि खुर्चीवरून न उठवता, डोळ्यांकडे न पाहता केलेली सही ही रुग्णावरची मेहेरबानी नव्हे. डॉक्टर तपासू लागले तर राग मानू नका. न तपासता सही करू लागले तर मात्र जरूर शंका घ्या.

डोळे: सर्वांत आधी

गाडी चालवताना आपण बहुतेक सर्व माहिती डोळ्यांवाटे घेतो. वयाबरोबर बाहुली लहान होते आणि डोळ्यातील भिंग पिवळसर व गढूळ होऊ लागते. परिणामी साठीतल्या माणसाच्या नेत्रपटलावर विशीतल्या तरुणाच्या तुलनेत सुमारे एकतृतीयांशच प्रकाश पोहोचतो. म्हणून दिवसा ठणठणीत दिसणाऱ्या माणसालाही संध्याकाळी रस्त्याच्या कडेने चालणारा, गडद कपडे घातलेला माणूस दिसत नाही.

दुसरी तक्रार समोरच्या दिव्यांच्या झोताची. मोतीबिंदू सुरू झाला की प्रकाश भिंगात विखुरतो आणि समोर नुसता पांढरा पडदा उभा राहतो. तरुण डोळा काही क्षणांत सावरतो, वयस्क डोळ्याला जास्त वेळ लागतो. आपल्या सातारा जिल्ह्यात ऊस गळिताच्या हंगामात रात्री रस्त्यावर किती ट्रॅक्टर-ट्रॉल्या असतात आणि त्यांतल्या कितींना मागे दिवा किंवा लाल रिफ्लेक्टर असतो, हे आपण जाणताच. समोरून ट्रकचा झोत आणि पुढे बिनदिव्याची ट्रॉली, अशा वेळी ते दोन-चार सेकंद जीवावर बेततात.

तिसरी गोष्ट बाजूच्या नजरेची. काचबिंदूत समोरची नजर बराच काळ शाबूत राहते, पण कडेचे दिसणे हळूहळू आक्रसत जाते. दुखत नाही, खुपत नाही, त्यामुळे रुग्णाला पत्ताच लागत नाही. माझ्या एका रुग्णाच्या मोटारीला डाव्या बाजूने वरचेवर ओरखडे पडत होते. ते निवृत्त बँक अधिकारी. गल्ली अरुंद झाली आहे, लोक कुठेही गाड्या लावतात, असे त्यांचे म्हणणे. नेत्रतज्ज्ञांकडे पाठवल्यावर काचबिंदू निघाला आणि डाव्या बाजूचे दिसणे बरेच गेल्याचे आढळले. त्या ओरखड्यांमुळेच त्यांची उरलेली नजर वाचली, असे म्हणायला हरकत नाही. गाडी मात्र त्यांना सोडावी लागली.

याच्या उलटही घडते. एका शहात्तर वर्षांच्या गृहस्थांनी दोनदा फाटकाच्या खांबाला गाडी घासली. घरच्यांनी किल्ली काढून घेतली आणि घरात अबोला सुरू झाला. तपासले तर दोन्ही डोळ्यांत पिकलेला मोतीबिंदू. शस्त्रक्रिया झाल्या, नवा चष्मा लागला आणि ते पुन्हा दिवसा गाडी चालवू लागले. म्हणून आधी तपासणी, मग निर्णय.

एक चाचणी घरीच करता येते. चांगल्या उजेडात, नेहमीचा चष्मा लावून, उभ्या असलेल्या गाडीपासून साधारण ३५ पावले मागे जा. हे अंतर २५ मीटरच्या आसपास भरते. तिथून नंबरप्लेट वाचता आली नाही, तर नेत्रतज्ज्ञांना दाखवेपर्यंत गाडी बाहेर काढू नका. वाचता आली तरी साठीनंतर वर्षातून एकदा डोळ्यांची पूर्ण तपासणी करावी. त्यात डोळ्यातील दाब, नेत्रपटल आणि गरज असल्यास बाजूच्या नजरेची तपासणी यावी. चष्म्याच्या दुकानात नंबर काढून घेणे म्हणजे डोळे तपासणे नव्हे.

मान, गुडघे आणि तळपाय

मानेच्या मणक्यांची झीज झालेल्या माणसाला पूर्ण मान वळवता येत नाही. गाडी मागे घेताना किंवा चौकात उजवीकडे वळताना तो अर्धेच पाहतो आणि बाकीचे अंदाजाने करतो. वयस्क चालकांच्या बाबतीत चौक आणि समोरची वाहतूक ओलांडून घेतलेले वळण या विशेष धोक्याच्या जागा आहेत. आपल्याकडे ते वळण उजवीकडचे. येणाऱ्या वाहनाचा वेग, आपले अंतर, मध्येच आलेला सायकलवाला, या सर्वांचा अंदाज तिथे एकाच क्षणी घ्यावा लागतो.

गुडघेदुखी असलेल्याला ब्रेकवर पाय पटकन नेता येत नाही आणि पूर्ण जोरही देता येत नाही. मधुमेहामुळे तळपायाची संवेदना गेली असेल, तर पाय कोणत्या पेडलवर आहे हेच कळत नाही. ज्याच्या पायातून चप्पल निसटते आणि त्याला पत्ता लागत नाही, त्याने पेडलचे काय सांगावे?

ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर दाबला जाणे ही चूक नवशिक्यांप्रमाणे वयस्कांतही दिसते. एप्रिल २०१९ मध्ये जपानची राजधानी टोकियो येथील इकेबुकुरो भागात असेच घडले. ८७ वर्षांच्या चालकाची भरधाव मोटार रस्ता ओलांडणाऱ्यांवर गेली. त्यात एक तरुण आई आणि तिची तीन वर्षांची मुलगी दगावली. गाडीतच बिघाड होता असे चालकाचे म्हणणे होते. चुकून ॲक्सिलरेटर दाबला गेला, असे २०२१ मध्ये न्यायालयाने ठरवले. त्या अपघाताने तो देश हादरला. २०१९ या वर्षात जपानमध्ये सुमारे सहा लाख लोकांनी स्वतःहून लायसन्स परत केले. तिथे ७५ वर्षांवरील चालकाला नूतनीकरणाच्या वेळी स्मरण व आकलनाची चाचणी द्यावी लागते. आपल्याकडे तसा नियम नाही. म्हणून ती जबाबदारी घरच्यांवर आणि आम्हा डॉक्टरांवर येते.

पायांसाठी एक सोपी चाचणी आहे. दहा फूट अंतर भराभर चालत जायचे, वळायचे आणि परत यायचे. यास ९ सेकंदांहून अधिक वेळ लागला, तर पाय, तोल किंवा मज्जातंतू यांत काही कमी आहे का, हे पुढे तपासावे लागते. नेहमी काठी वापरत असल्यास काठी घेऊनच चालावे.

मेंदू: विसरणे आणि वाट चुकणे

चष्मा कुठे ठेवला हे आठवत नाही, ओळखीच्या माणसाचे नाव ओठांवर येऊन थांबते, हे वयाबरोबर होतेच. त्यासाठी गाडी सोडण्याची गरज नाही. पण ज्या रस्त्याने तीस वर्षे ये-जा केली त्याच रस्त्यावर वाट चुकणे, पोवई नाक्यावर आल्यावर कुठे वळायचे ते न सुचणे, सिग्नल हिरवा झाल्यावरही थांबून राहणे, किंवा गाडी बाजारात लावून रिक्षाने घरी येणे, हे साधे विसरणे नव्हे. हा मेंदूच्या आजाराचा आरंभ असू शकतो.

वाहन चालवताना लागते ती केवळ आठवण नव्हे. एकाच वेळी चार गोष्टींकडे लक्ष ठेवणे आणि त्यांतली महत्त्वाची कोणती ते झटकन ठरवणे, हे खरे काम. ताशी ५० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात जवळजवळ १४ मीटर जाते. ब्रेक दाबण्याचा निर्णय अर्धा सेकंद उशिरा झाला, तर गाडी आणखी ७ मीटर पुढे गेलेली असते. शाळा सुटण्याच्या वेळी या ७ मीटरांत काय काय येऊ शकते, याचा विचार करा.

दवाखान्यात मी कागदावर एक मोठे वर्तुळ काढून देतो आणि सांगतो, "हे घड्याळ समजा. सर्व आकडे लिहा आणि अकरा वाजून दहा मिनिटे दाखवा." ही चाचणी जगभर वापरली जाते. दिसायला पोरखेळ, पण ती नियोजन, जागेचे भान आणि लक्ष या तिन्हींची परीक्षा घेते. कुणी सर्व आकडे एकाच बाजूला दाटीने लिहितात, कुणी मोठा काटा थेट दहाच्या आकड्यावर नेतात. दुसऱ्या एका चाचणीत आकडे आणि अक्षरे आलटून पालटून रेघेने जोडायची असतात. इंग्रजी अक्षरांवर बेतलेल्या मूळ चाचणीत तीन मिनिटांपेक्षा जास्त वेळ लागल्यास पुढील तपासणी सुचवली जाते. मात्र अशा एखाद्या कागदावरून कुणाची गाडी बंद करता येत नाही. शिक्षण कमी असेल, हात थरथरत असेल, तरीही चित्र बिघडते. चाचणीने एवढेच कळते की आता मेंदूविकारतज्ज्ञांना किंवा मानसोपचारतज्ज्ञांना दाखवायला हवे.

स्मृतिभ्रंश म्हणजेच डिमेन्शिया मध्यम अवस्थेत पोहोचला असेल, तर गाडी बंद, यात दोन मते नाहीत. अगदी सुरुवातीच्या अवस्थेत काही जण ओळखीच्या रस्त्यावर नीट चालवू शकतात. पण त्यांना दर सहा महिन्यांनी तपासावे लागते.

औषधे आणि साखर

ज्येष्ठांच्या पिशवीत सहा-सात गोळ्या असतात. त्यांतल्या काही थेट वाहनाशी संबंधित आहेत. अल्प्राझोलाम, क्लोनाझेपाम यांसारख्या झोपेच्या व चिंतेच्या गोळ्यांचा अंमल वयस्कांत सकाळपर्यंत राहू शकतो. सर्दीच्या अनेक गोळ्यांनी आणि कोडीन असलेल्या खोकल्याच्या औषधांनी गुंगी येते. मज्जातंतूंच्या दुखण्यासाठी दिले जाणारे प्रीगाबालिन, प्रोस्टेटसाठी दिले जाणारे टॅमसुलोसिन, यांनी कुणाकुणाला चक्कर येते. नवीन गोळी सुरू झाली किंवा मात्रा वाढली की पहिले काही दिवस गाडी चालवू नये आणि डॉक्टरांना विचारावे. मात्र स्वतःच्या मनाने औषध बंद करू नये. अशा गोळीबरोबर एखादा 'छोटा पेग' घेऊन गाडी चालवणे हा तर शुद्ध आत्मघात.

मधुमेहींसाठी आणखी एक सूचना. इन्सुलिन घेणाऱ्या किंवा ग्लिमेपिराइड, ग्लिबेनक्लामाइड यांसारख्या गोळ्या घेणाऱ्या माणसाची साखर जेवण लांबले की एकदम उतरू शकते. घाम, थरथर, धडधड, डोळ्यांपुढे अंधारी ही तिची लक्षणे. काही रक्तदाबाच्या गोळ्यांमुळे थरथर आणि धडधड जाणवतच नाही, आणि माणूस एकदम गोंधळतो. लांब जायचे असेल तर आधी साखर पाहावी. ती ९० पेक्षा कमी असेल तर काही खाऊन ती वर आल्यावरच निघावे. वाटेत त्रास वाटला तर गाडी कडेला घ्या, बंद करा, साखर किंवा ग्लुकोज घ्या, त्यावर बिस्किटे किंवा पोळी खा. साखर पुन्हा ९० च्या वर आली आहे असे पाहून, त्यानंतर निदान पाऊण तास गेल्याशिवाय पुन्हा चाकामागे बसू नका.

रात्री मोठ्याने घोरणारा आणि दिवसा बसल्या जागी डुलकी घेणारा माणूसही धोक्याच्या यादीत येतो. घोरणे म्हणजे गाढ झोप, हा आपला गैरसमज आहे. त्यावर उपचार आहेत, ते करून घ्यावेत.

स्कूटरवाल्या आजोबांसाठी आणि आजींसाठी

ही चर्चा बहुधा मोटारीभोवती फिरते. पण आपल्या गावांत ज्येष्ठांचे खरे वाहन म्हणजे दुचाकी. दूध, भाजी, नातवाची शाळा, सारे तिच्यावरच. दुचाकीला तोल लागतो आणि तो वेगात नव्हे, थांबताना जातो. खड्डा चुकवताना, न रंगवलेल्या गतिरोधकावर, ओल्या मातीत पाय टेकताना वयस्क माणूस पडतो. हाडे ठिसूळ असल्यामुळे ज्या पडण्यातून तरुण कपडे झटकून उठतो, त्याच पडण्यात सत्तरीच्या माणसाचे खुब्याचे हाड मोडते. रक्त पातळ होण्याच्या गोळ्या चालू असतील, तर डोक्याला लागलेला किरकोळ मारही आत रक्तस्राव करू शकतो.

म्हणून एक साधी कसोटी. कुठेही आधार न घेता एका पायावर दहा सेकंद उभे राहता येते का? जवळ कुणाला तरी उभे करूनच हे पाहावे. जमत नसेल तर दुचाकी बाहेर काढण्याआधी दवाखान्यात या. पुढे पिशव्या, मागे नातू असा प्रवास सत्तरीनंतर टाळा. हेल्मेट कोपऱ्यावरच्या दुकानात जाण्यासाठीही घाला.

घरच्यांनी काय पाहावे?

खरी परीक्षा दवाखान्यात होत नाही, रस्त्यावर होते. महिन्यातून एकदा वडिलांच्या शेजारच्या सीटवर बसून अर्धा तास फिरून या. बोलू नका, सूचना देऊ नका, फक्त पाहा.

• गाडी रस्त्याच्या मध्यभागी किंवा कडेला सरकते का?
• गाडी कारण नसताना फार हळू किंवा अडखळत चालते का?
• मागचे हॉर्न वाजू लागले की ते गोंधळतात का?
• चौकात पुढे कुणाचा हक्क आहे हे कळते का?
• वळताना आरसा व मान दोन्हींचा वापर होतो का?
• ब्रेक उशिरा आणि एकदम लागतो का?
• गाडीवर नवे ओरखडे आहेत का, आणि ते कसे पडले हे त्यांना सांगता येते का?
• त्यांच्या शेजारी बसताना तुमचा स्वतःचा पाय जमिनीवर ब्रेक शोधतो का?

यांपैकी दोन-तीन गोष्टी दिसल्या तर त्या तारखेसह लिहून ठेवा आणि तपासणीला येताना घेऊन या. "बाबा हल्ली नीट चालवत नाहीत" एवढ्या वाक्यापेक्षा अशी चार ओळींची नोंद डॉक्टरच्या फार उपयोगी पडते. एक प्रश्न मी नेहमी विचारतो, "त्यांच्या गाडीत तुम्ही तुमच्या मुलाला एकटे पाठवाल का?" बहुतेकांना उत्तर देताना विचार करावा लागत नाही.

एकदम बंद की टप्प्याटप्प्याने?

तपासणीनंतर बहुधा मधला मार्ग निघतो. प्रथम रात्रीचे वाहन बंद. मग पावसातले व धुक्यातले बंद. पसरणी घाट किंवा खंबाटकी घाट, पुण्याचा महामार्ग हे मुलांकडे किंवा ड्रायव्हरकडे सोपवावे. गर्दीची वेळ टाळून सकाळी दहा ते दुपारी चार या वेळात ओळखीच्या रस्त्यानेच जावे. गाडीत रेडिओ बंद, मोबाईल बंद. दर सहा महिन्यांनी पुन्हा तपासावे.

पण पुढील बाबतींत टप्पे नाहीत. त्याच दिवशी थांबावे:

• फिट आली किंवा कारण न कळता शुद्ध हरपली
• पक्षाघाताचा झटका आला, मग तो काही मिनिटांत ओसरलेला का असेना
• ओळखीच्या रस्त्यावर वाट चुकली
• ब्रेकऐवजी ॲक्सिलरेटर एकदा जरी दाबला गेला
• एकाएकी एकाची दोन चित्रे दिसू लागली किंवा एका बाजूचे दिसेनासे झाले

हृदयविकाराचा झटका, अँजिओप्लास्टी, डोळ्यांची वा सांध्यांची शस्त्रक्रिया यांनंतर किती दिवसांनी चालवायचे, हे त्या त्या तज्ज्ञांनाच विचारावे.

सांगायचे कसे?

गाडीची किल्ली म्हणजे कुणापुढे हात न पसरता बाहेर पडण्याची मुभा. ती हातातून गेली की माणसाला आपण घरातले एक ओझे झालो असे वाटू लागते. गाडी सुटल्यावर ज्येष्ठांत नैराश्य वाढते, असे परदेशांतील अभ्यासांतही आढळले आहे. इंग्लंडच्या राणी एलिझाबेथ यांचे पती प्रिन्स फिलिप यांनी ९७ व्या वर्षी, जानेवारी २०१९ मध्ये झालेल्या अपघातानंतरच लायसन्स परत केले. दाराशी चालकांची रांग असलेल्या माणसाला जे जड गेले, ते तुमच्या-आमच्या वडिलांना सोपे कसे जाईल?

म्हणून किल्ली लपवणे, बॅटरीची वायर काढून ठेवणे, सुनेसमोर किंवा नातवंडांसमोर टोचून बोलणे, हे प्रकार करू नका. त्याने विश्वास जातो. जेथे स्मृतिभ्रंशामुळे सांगितलेलेच लक्षात राहत नाही, तेथे मात्र किल्ली दृष्टीआड ठेवावीच लागते. एरवी एकांतात, वेळ काढून, प्रत्यक्ष पाहिलेल्या प्रसंगांवरून बोला. ऐकत नसतील तर सोनारानेच कान टोचलेले बरे. आम्हाला सांगा. वाईटपणा घेणे हा आमच्या कामाचाच भाग आहे.

आणि 'गाडी बंद' म्हणण्याआधी 'मग जायचे कसे' याचे उत्तर तयार ठेवा. आठवड्यात ते कुठे कुठे जातात याची यादी करा: मंडई, बँक, देऊळ, कट्ट्यावरचे मित्र, दवाखाना, लग्नकार्ये. प्रत्येकापुढे कोण नेणार किंवा कोणती रिक्षा, हे लिहा. कट्टा आणि देऊळ किरकोळ समजून गाळू नका, तेच सर्वांत महत्त्वाचे आहेत. गाडीचा विमा, पेट्रोल आणि दुरुस्ती यांवर वर्षाला होणारा खर्च मांडून पाहिला, तर गावातल्या गावात ओळखीच्या रिक्षावाल्याला महिन्याचे ठरवून देणे पुष्कळदा स्वस्त पडते. लांबच्या प्रवासाला एसटी आहेच. ऑगस्ट २०२२ पासून राज्यात ७५ वर्षे पूर्ण झालेल्यांना एसटीचा प्रवास मोफत आहे, आणि ६५ ते ७५ वयोगटाला निम्मे भाडे पडते.

माझे एक रुग्ण तीस वर्षे एसटीचे चालक होते. निवृत्तीनंतरही त्यांची मोटारसायकल सुरू होती. एकाहत्तराव्या वर्षी ते स्वतःच येऊन म्हणाले, "काल एक पोरगी आडवी आली. ब्रेक लागला, पण उशिरा लागला. मला कळलं. आता बास." त्यांच्या सर्व तपासण्या बऱ्यापैकी ठीक होत्या. तरीही मी त्यांना पुन्हा चालवा असे म्हटले नाही. इतकी वर्षे रस्ता पाहिलेल्या माणसाला स्वतःचा उशीर जेव्हा स्वतःला कळतो, तेव्हा त्यावर विश्वास ठेवावा. अडचण अशी की अनेकांना तो कळत नाही. त्यांच्यासाठीच शेजारच्या सीटवर बसणारे माणूस लागते.

या रविवारी एवढे करा. घरातल्या ज्येष्ठांना अंगणात किंवा मोकळ्या जागी न्या, ३५ पावले मोजा आणि नंबरप्लेट वाचायला सांगा. शेजारी उभे राहून तुम्हीही वाचा. चाळिशी ओलांडलेल्या मुलांपैकीही काहींना चष्म्याची गरज आहे, हे त्याच निमित्ताने कळेल.